जुन्या जीपचे नट-बोल्ट: नागदेवी, जुना बाजार आणि उद्यमनगर

जुनी सीजे-३बी जीप उभी करायला घेतली की इंजिनाची सोय होते, टप मिळतो, सीटा मिळतात. अडतं ते बोल्टांपाशी. चासीवर बॉडी परत चढवायची वेळ आली तेव्हा डब्यातले निम्मे बोल्ट गंजून झिजलेले होते. उरलेल्यांतले बरेचसे कुणीतरी कधीकाळी दामटून बसवलेले मिलिमीटरचे होते. कोल्हापुरात हार्डवेअरच्या दुकानात आज सहज मिळतात तेही मिलिमीटरचेच. जीप मात्र अमेरिकन घडणीची, तिचे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. म्हणून मुंबई-पुण्याची फेरी काढली. याच कामाला निघणाऱ्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मॉरिसच्या घराण्यातल्या जुन्या अँबेसिडरवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, कारण त्या गाडीतही यूएनएफ भरपूर आहेत.

निघण्याआधी घरी बसून यादी करा, आणि ती व्हर्निअर (जाडी मोजायला) व पिच गेज (आटे मोजायला) हातात घेऊन करा. यूएनएफमध्ये इंचाला किती आटे हे पाठच असू द्या: पाव इंचीला २८, ५/१६ आणि ३/८ ला २४, ७/१६ आणि अर्ध्या इंचीला २०. जाड आट्याचे, म्हणजे यूएनसी, बहुतेक बिडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भागात शिरतात. त्यांचे आकडे याच क्रमाने २०, १८, १६, १४ आणि १३.

खरा घोळ होतो तो दोन ठिकाणी. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला आठ मिलिमीटरच. बारीक आट्याच्या आठ मिलिमीटर बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर असतो, म्हणजे इंचाला साधारण साडेपंचवीस आटे. असा नट २४ आट्यांच्या बोल्टवर दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की दोन्हीचे आटे गेले. दुसरा घोळ व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी आट्याचा. पाव ते ७/१६ पर्यंत व्हिटवर्थ आणि यूएनसी यांच्या आट्यांची संख्या एकच आहे, पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा आणि यूएनसीचा ६०. नट चढतो, पण नीट बसत नाही. अर्ध्या इंचीला फरक मोजता येतो: व्हिटवर्थ १२, यूएनसी १३. इंग्रजी आणि अमेरिकन आटे जुळावेत म्हणून अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने १९४८ साली एकच पद्धत मान्य केली, तीच ही युनिफाइड. आपल्या बाजारात मात्र व्हिटवर्थचा माल त्यानंतरही खूप वर्षं खेळत राहिला आणि तो जुन्या साठ्यात अजून सापडतो. माझा नियम सोपा आहे: नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला तरच तो त्या बोल्टचा.

कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी सीएसएमटी. मी सोमवारी रात्री निघालो. मंगळवार मुंबईला आणि बुधवार पुण्याला हे गणित मुद्दाम केलेलं, कारण पुढे येईल. सीएसएमटीवरून क्रॉफर्ड मार्केट ओलांडून नागदेवी स्ट्रीटला, नट-बोल्टांच्या ठोक बाजारात, चालतच जाता येतं. मस्जिद स्टेशनवरूनही जवळ आहे. दहाच्या आधी पोचून उपयोग नाही, शटर खाली असतात. रविवारी तर फेरीच फुकट.

नागदेवीत प्रत्येक दुकानाचं काहीतरी एक ठरलेलं असतं. कुणाकडे फक्त स्टेनलेस, कुणाकडे फक्त अॅलन बोल्ट, कुणाकडे नुसत्या चकत्या. ‘यूएनएफ आहे का’ असं दारोदार विचारत फिरण्यापेक्षा पहिल्याच दुकानात ‘इंची हायटेन्साइल (जास्त ताण सोसणारे) कुठे मिळेल’ हे विचारा. ते गल्ली आणि जिना दोन्ही सांगतात. आणि माप सुतात सांगा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे ५/१६ म्हणजे अडीच सूत, ३/८ म्हणजे तीन, ७/१६ म्हणजे साडेतीन. ‘अडीच सूत, दीड इंच, बारीक आटा, हायटेन्साइल’ एवढं म्हटलं की काउंटरवरचा माणूस सरळ खोक्याकडे वळतो. तरीही तो म्हणणारच, ‘सॅम्पल दिखाओ, भाई.’ म्हणून प्रत्येक मापाचा एक नमुना दोऱ्यात ओवून नेला होता, सोबत त्याचा नटही. त्याचा उपयोग झाला.

हे ठोक व्यापारी आहेत. चार-सहा नग मागणाऱ्यासाठी खोकं उघडायला ते फारसे राजी नसतात, आणि ते बरोबरच आहे. मी एकाच दुकानात पूर्ण यादी ठेवली आणि चालणारी मापं डझनाने घेतली. मग किरकोळ नगही त्यांनी आनंदाने मोजून दिले. घेताना बोल्टच्या डोक्यावर ताकदीची खूण बघा. इंची बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. अंदाजाने बोलायचं तर मिलिमीटरच्या ८.८ आणि १०.९ ग्रेडच्या जोडीचे. डोकं कोरं असेल तर तो साधा लोखंडी समजा. टपाला, मडगार्डला चालेल. स्टिअरिंगला, ब्रेकला, स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-बोल्टला अजिबात नाही.

संध्याकाळी पुणे. बुधवार कशासाठी, तर जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवार पेठेत, कुंभार वेशीजवळ. तिथे मला हवे होते ते इंची पाने, आणि ते मिळाले. पाव इंची बोल्टला ७/१६ चा पाना लागतो, ५/१६ ला अर्ध्याचा, ३/८ ला ९/१६ चा. मिलिमीटरचा पाना लावून कोपरे गोल करण्यापेक्षा हे पाने गोळा करणं कितीतरी शहाणपणाचं. पितळी स्क्रू, पंखी नट, ग्रीस निपल अशा वस्तूंसाठी जुना बाजार उत्तम आहे. पण ज्यावर जीव अवलंबून आहे असा एकही बोल्ट ढिगातून उचलू नका. तो आधी किती ताणला गेलाय हे बघून कळत नाही.

तिथून नाना पेठ. चाकांचे स्टड (ज्यांवर चाक बसतं ते खुंटीसारखे बोल्ट) आणि नट, यू-बोल्ट, पाट्यांचे सेंटर बोल्ट हे हार्डवेअरच्या नाही, स्पेअर पार्टच्या दुकानात मागायचे. विलीज (मूळ अमेरिकन जीप) वळणाच्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, म्हणजे नट उलट फिरवून घट्ट होतो; माप अर्धा इंच, २० आटे. अनेक गाड्यांत पुढे सगळे सुलटे करून टाकलेत, तेव्हा आधी आपल्या गाडीवर बघा आणि दोन्ही बाजूंचे नट वेगळ्या पिशवीत न्या. उलटे नट पहिल्या दुकानात नव्हते. पुढच्या एका दुकानात जुन्या साठ्यातून, वरच्या फळीवरून, ग्रीस फासलेल्या कागदात गुंडाळलेले निघाले. त्या क्षणी झालेला आनंद फक्त जुनी गाडी जुळवणाऱ्यालाच समजेल.

ब्रेकच्या पाइपचा नट घेताना सगळ्यात जास्त सावध राहा. ३/१६ च्या पाइपवर ३/८ इंची, २४ आट्यांचा नट येतो. आजच्या गाड्यांचा १० मिलिमीटर, १ पिचचा नट शेजारी ठेवला तर सारखाच दिसतो. इंची नट मिलिमीटरच्या भोकात ढिला बसतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि जोरात ब्रेक दाबला की सुटू शकतो. इथे ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका, तो कितीही अनुभवी असला तरी.

जे कुठेच मिळालं नाही, ते शेवटी आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत झालं. काचेच्या चौकटीच्या बिजागरीचे खांदेवाले बोल्ट आणि बॉडी माउंटचे लांब बोल्ट तिथल्या लेथवाल्या टर्नरकाकांनी ईएन-८ जातीच्या पोलादी सळईतून काढून दिले. त्यांना नमुना, जोडीचा नट आणि आट्यांची संख्या लिहिलेला कागद दिला की पुढे काही सांगावं लागत नाही. चाकाचे स्टड मात्र लेथवर करायला सांगू नका. कारखान्यात आटे दाबून चढवतात, लेथवर ते कापतात, आणि वारंवार ताण घेणाऱ्या जागी दाबलेले आटे जास्त टिकतात. काकांनीही हेच सांगितलं आणि ते काम घ्यायला नकार दिला. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

झिंक प्लेटिंग करणार असाल तर ग्रेड ८ किंवा त्यावरचे बोल्ट वेगळे काढा. अॅसिडच्या धुण्यात आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि कडक बोल्ट नंतर ताणाखाली अचानक तुटू शकतो. प्लेटिंगनंतर लगेच, साधारण २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवणारा कारखाना मिळाला तरच द्या, नाहीतर ते बोल्ट काळेच वापरा आणि तेल लावत राहा.

जीप रस्त्यावर आली की पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे आणि यू-बोल्टचे नट पुन्हा आवळून घ्या. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या रंगात ‘उलटे आटे’ असं ठळक लिहून ठेवलंय, पंक्चरवाल्याने नेहमीसारखा जोर लावून स्टड तोडू नये म्हणून.