आमची वाटचाल : खाद्य टाकण्याआधीची दहा मिनिटं

डुकरं आमच्या घराला नवी नाहीत. आजोबांचीही होती, पण मोकाट. सकाळी सुटायची, दिवेलागणीला परतायची. मी २०१४ साली औसा तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू तुकड्यावर शेड बांधलं, यॉर्कशायर जातीच्या दहा माद्या आणि एक नर आणला, तेव्हा पाहुण्यारावळ्यांत बरंच बोललं गेलं. त्यावर लिहीत बसत नाही. मका आणि सोयाबीनची पेंड लातूरला मिळते, माल हैदराबादचे व्यापारी जागेवरून उचलतात, एवढा हिशेब माझ्याकडे पक्का होता. जनावर कसं बघायचं, ते मात्र यायचं होतं.

ते २०१६च्या उन्हाळ्यानं शिकवलं. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साल. आमचं बोअर मार्चमध्येच आटलं होतं. सगळी भिस्त टँकरवर, आणि एकदा तो दीड दिवस आलाच नाही. पहिल्याच संध्याकाळी खाद्य शिल्लक राहिलं होतं. चार-पाच जनावरं कोरडं निपल (डुकरं तोंडानं दाबून पाणी पितात ती नळाची तोटी) चावत उभी होती, लेंड्या कडक पडल्या होत्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण अर्थ लागला नाही. टँकर आल्यावर जीव भांड्यात पडला आणि मी हौद काठोकाठ भरून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी काही डुकरं भिंतीला डोकं टेकवून उभी, काही एकाच जागी गोल फिरत होती. एक बसल्या बसल्या मागे रेलत गेलं आणि त्याला झटके सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, ही मिठाची विषबाधा. खाद्यात मीठ नेहमीइतकंच असतं, पण पाणी तुटलं की ते अंगात साठतं. मग एकदम पोटभर पाणी मिळालं की मेंदूला सूज येते. थोडं थोडं पाजायला हवं होतं. अकरा जनावरं गेली. त्या जनावरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, हे मला आजही बोचतं.

तेव्हापासून वही सुरू झाली. ती थोरल्या वहिनी लिहितात. नियम एवढाच, की खाद्य टाकण्याआधी दहा मिनिटं कप्प्यांसमोर गप्प उभं राहायचं. बादली वाजली की बरं नसलेलं डुक्करही उठून येतं, मग काही कळत नाही. एकमेकांवर चढून पडलीत म्हणजे गारठा. लांब लांब आडवी पडून धापा टाकतायत म्हणजे उष्मा. डुकराला घाम जवळपास येतच नाही, मे महिन्यात फवारे आणि ओली पोती लागतातच. कुत्र्यासारखं बसून तोंडानं श्वास घेणारं दिसलं तर डॉक्टरांना लगेच फोन.

एकदा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिसऱ्या कप्प्यात बघा बरं, सगळ्यांच्या शेपट्या खाली हायत."

मला वावगं काही दिसत नव्हतं. खात होती, फिरत होती. पण नेहमीचा वेटोळा एकाचाही नव्हता, शेपट्या मागच्या पायांत दाबलेल्या. शोधलं तर दोनपैकी एक निपल बोअरच्या क्षारानं बुजलेलं. एका निपलवर ढकलाढकली चालली होती, आणि एका पिल्लाच्या शेपटीच्या टोकाला दाताचा बारीक ओरखडा. निपल बदललं, चघळायला ज्वारीचा कडबा टाकला. दोन दिवस उशीर झाला असता तर रक्त निघालं असतं, आणि रक्ताची चव लागली की शेपट्या चावणं आवरत नाही.

पुढे प्रत्येक शेडला पाण्याचं मीटर बसवलं. डेन्मार्कमधल्या संशोधकांना पिल्लांच्या पाणी पिण्यातला बदल हगवण दिसण्याच्या साधारण एक दिवस आधी सापडला होता, हे वाचून ते सुचलं. आमच्या सगळ्या खर्चात हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटतो. कॅमेरेही आहेत, रात्री मादी व्यायला आली की कामाला येतात, पण कॅमेऱ्यावर सोडून आम्ही घरी बसत नाही.

२०२०मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग सापडला. तो खरकट्यातूनही पसरतो, तेव्हा हॉटेलचं खरकटं घेणं कायमचं बंद केलं. बाहेरच्या गाड्या फाटकाबाहेरच थांबतात. व्यापारी ओळखीचा असला तरी आत येत नाही.

आज साठ माद्या आहेत. सकाळची नोंद वहिनींनी केलीय : "पाचवा कप्पा, एक मादी बाजूला झोपते, कान गार नाहीत. ताप १०४. वेगळी ठेवली. चार वाजता पुन्हा बघणे." आता साडेतीन झालेत, मी शेडकडे निघतोय.