मेलमधली कागदपत्रं फोनमध्ये उतरवून घेतली, त्याचा माझा अनुभव

ज्यांच्या पॉलिस्या, लॅबचे रिपोर्ट, बँकेचे कागद सगळे मेलवर येतात त्यांनी हे जरूर वाचा, आणि बडोद्यात नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण मेलमध्ये अटॅचमेंट दिसतेय म्हणजे ती फोनमध्ये आहे असं अजिबात नसतं आणि हे कळतं नेमकं नेट गेल्यावरच.

२०२४ चा ऑगस्ट इथलं कोणीच विसरणार नाही. जन्माष्टमीला धो धो पाऊस, वरून आजवा धरणाचं पाणी, विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी गेलं ३५ फुटांच्याही वर. आम्ही कारेलीबागेत तळमजल्यावर. सोसायटीच्या गेटमधून पाणी आत यायला लागलं तसं आई-बाबांना घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या बेनकडे गेलो, त्यांनी आम्हाला घरच्यासारखं ठेवून घेतलं ते उपकार फिटणारे नाहीत. लाइट गेलेली, मोबाइलचा टॉवर मध्येच यायचा मध्येच जायचा, आणि खाली पार्किंगमध्ये आमची गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात. बाबांचा एकच धोशा, "अगं, इंजिनाचं कव्हर घेतलंय ना आपण? आणि तो टोल फ्री नंबर काढ बघू पॉलिसीतला."

पॉलिसी मेलवर होती. मेल उघडला, प्रिय ग्राहक वगैरे मजकूर व्यवस्थित दिसला, खाली पीडीएफची पट्टीपण दिसली, पण त्यावर बोट ठेवलं की नुसतं गोल गोल फिरत राहायचं. तो गोल रात्रभर बघितला मी. कारण असं आहे की जीमेलचं ॲप अलीकडच्या काही दिवसांचे मेल फोनमध्ये सिंक करून, म्हणजे आधीच उतरवून, ठेवतं त्यामुळे मजकूर नेट नसतानाही वाचता येतो, पण अटॅचमेंट वेगळी असते, ती आपण उघडू तेव्हा सर्व्हरवरून येते. सेटिंगमध्ये आपल्या अकाउंटवर गेलं की किती दिवसांचे मेल सिंक करायचे तेही दिसतं आणि नव्या मेलांच्या अटॅचमेंट वायफायवर आपोआप डाउनलोड करायचा एक पर्यायही असतो, तो चालू ठेवावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये कारण तो फक्त अलीकडच्या मेलांसाठी आहे आणि त्या फाइली ॲपच्या स्वतःच्या जागेत राहतात, आपल्याला फाइल मॅनेजरमध्ये त्या सापडत नाहीत. आमच्या पॉलिसीची पीडीएफ त्यात नव्हतीच.

गाडी पाण्यात बुडलेली असताना स्टार्टर मारायचा नाही हे सोसायटीतल्या सगळ्यांनी एकमेकांना ओरडून सांगितलं ते बरं झालं, कारण इंजिनात पाणी असताना चालू केली तर इंजिन बसतं आणि इंजिनाचं वेगळं ॲड-ऑन कव्हर नसेल तर तो खर्च बहुतेक वेळा आपल्यावरच येतो. ते ॲड-ऑन आहे की नाही हे पॉलिसीच्या पानावरच लिहिलेलं असतं. म्हणून ते पान त्या वेळी हातात पाहिजे होतं.

आणि कागदाची कॉपी? खालच्या कपाटात, सर्वात खालच्या खणात. पाणी उतरल्यावर बाबांची ती निळी फाइल काढली तेव्हा चिखलाचा वास अजून नाकात आहे. पानं एकमेकांना चिकटून एकच जाड थर झालेला, स्टेपलरच्या पिनांभोवती गंजाचे तांबडे डाग, शाईच्या पेनाने केलेल्या सह्या निळ्या पाण्यासारख्या पसरलेल्या, फक्त लॅमिनेट केलेलं रेशन कार्ड तेवढं जसंच्या तसं. आईने एकेक पान सुरीच्या टोकाने अलगद सोडवलं आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं. गणपती ७ सप्टेंबरला होते आणि आमच्याकडे मखराच्या जागी दोरीवर कागद. तिथेच ठरवलं की घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद फोनच्या स्टोरेजमध्ये, नेटशिवाय उघडेल असा, आई-बाबा दोघांच्याही फोनमध्ये पाहिजे.

तर केलं काय ते सांगते. अँड्रॉइड फोनचं सांगतेय, ॲपलचं पुढे थोडं आहे.

आधी मेल शोधायचे. जीमेलच्या सर्चमध्ये गेलं की खाली छोटी छोटी बटणं येतात, त्यात अटॅचमेंट नावाचं असतं, ते दाबून पीडीएफ निवडलं की फक्त पीडीएफवाले मेल समोर येतात, मग वर पॉलिसी, रिपोर्ट, स्टेटमेंट असा शब्द टाकत जायचं. खूप वेळ वाचतो याने, नाहीतर स्क्रोल करून करून अंगठा दुखतो. एक लक्षात ठेवा, एकाच विषयावर मेलांची लांब साखळी असेल तर जुने मेल घडी घालून बंद असतात आणि त्यांच्या अटॅचमेंट दिसत नाहीत, तो मेल उघडायला लागतो. आईच्या थायरॉइडचे जुने रिपोर्ट असेच दडलेले होते.

आता मुख्य गोष्ट. मेलच्या तळाशी फाइलची जी पट्टी किंवा चित्र असतं त्यावर दोन खुणा असतात, एक खाली जाणारा बाण आणि दुसरी ड्राइव्हची त्रिकोणी खूण. ड्राइव्हवाली दाबली तर फाइल गूगल ड्राइव्हवर जाते, म्हणजे परत नेटवरच, फोनमध्ये नाही. आपल्याला पाहिजे तो बाण. फाइल उघडून बघितली तरी डाउनलोडचा पर्याय वर उजवीकडे मिळतो. आणि फाइल नुसती उघडून बघितली म्हणजे ती फोनमध्ये आली असं समजू नका, ती कॅशमध्ये, म्हणजे ॲपच्या तात्पुरत्या साठ्यात, येते आणि ॲपची कॅश साफ झाली की जाते. बाण दाबल्यावर वरून नोटिफिकेशनमध्ये डाउनलोड पूर्ण झाल्याचं आलं तरच झालं. पुष्कळ फाइली असलेल्या मेलमध्ये मी एकेक करूनच उतरवल्या. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं तर एका मेलमधल्या सगळ्या अटॅचमेंट एकदम झिप करून, म्हणजे एकाच फाइलीत बांधून, मिळतात, ती झिप वायरने फोनमध्ये टाकता येते आणि गूगलच्या फाइल्स ॲपमध्ये ती तिथल्या तिथे उघडतेही.

उतरवलेली फाइल जाते फोनच्या इंटर्नल स्टोरेजमधल्या डाउनलोड फोल्डरमध्ये. तिथे आमच्याकडे नुसता बाजार होता, लग्नाच्या पत्रिका, रेल्वेची तिकिटं, गुड मॉर्निंगचे फोटो, आणि त्यात नावं अशी की नुसते आकडे, किंवा डॉक्युमेंट, डॉक्युमेंट कंसात एक, डॉक्युमेंट कंसात दोन. तेच नाव परत आलं की फोन कंसात आकडा घालतो म्हणून असं होतं. मग फाइल्स ॲपमध्ये इंटर्नल स्टोरेजच्या आत एक नवीन फोल्डर केलं, घरचे कागद नावाचं, आणि त्यात आई, बाबा, गाडी, घर असे चार. प्रत्येक फाइलच्या तीन टिंबांवर जाऊन आधी रिनेम, मग मूव्ह. नावात काय आहे आणि कधीपर्यंत चालेल ते दोन्ही लिहिलं, म्हणजे गाडी विमा मार्च २०२६ पर्यंत, असं. हे काम कंटाळवाणं आहे हे खरं पण यानेच सगळा फरक पडतो, कारण अडचणीच्या वेळी बाबा स्वतः फोन उघडून शोधणार आहेत, मी शेजारी असेनच असं नाही. डाउनलोडमधून बाहेर काढायचं दुसरं कारण, जागा कमी पडली की सफाई सुचवणारी ॲप जुन्या डाउनलोडकडेच पहिलं बोट दाखवतात आणि घरातलं कोणीतरी सगळं सिलेक्ट करून डिलीट करून टाकतं.

जागेची काळजी बऱ्याच जणांना वाटते. पीडीएफ काही शे केबीची असते, आमचे सगळ्या घरादाराचे कागद मिळून एका गरब्याच्या व्हिडिओएवढीही जागा गेली नाही.

पासवर्डचं मात्र नीट बघा. बँकेची आणि विम्याची पीडीएफ बहुतेक पासवर्डवाली असते आणि तो पासवर्ड कसा बनवायचा, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख की आणखी काही, हे मेलच्या मजकुरात लिहिलेलं असतं, पीडीएफमध्ये नाही. म्हणजे फाइल फोनमध्ये असूनही नेट नसताना उघडणार नाही कारण पासवर्डचा नियम मेलमध्ये राहिला. आईने ते सगळे नियम तिच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत, कुठल्या कागदाला कुठला, आणि वही आता वरच्या माळ्यावरच्या डब्यात असते.

आणि शेवटी तपासणी, ही कोणी करत नाही पण कराच. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, वायफायपण बंद आहे ना बघायचं, आणि मेलमधून नाही तर फाइल्स ॲपमधून एकेक फाइल उघडून बघायची. आमच्या दोन पीडीएफ उघडल्याच नाहीत, अर्धवट उतरल्या होत्या, त्या परत उतरवल्या. एका मेलमध्ये तर अटॅचमेंट नव्हतीच, ड्राइव्हची लिंक होती, दिसायला अगदी अटॅचमेंटसारखी. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली की तिची अशी लिंक होते. मेलमध्ये जाताना फाइलचं रूपांतर होऊन ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २५ च्या आतली दिसणारी फाइलसुद्धा कधी कधी अडकते, विमा कंपनीच्या सर्व्हेअरला गाडीचा व्हिडिओ पाठवताना आम्हाला हेच झालं. लिंकवाली फाइल ड्राइव्हमध्ये उघडून तिथून डाउनलोड करायची.

बाबांच्या फोनमध्ये मेमरी कार्ड आहे. जीमेलमधून थेट कार्डावर उतरवायचा पर्याय त्यांच्या फोनवर दिसला नाही, आधी इंटर्नलमध्ये आणि मग फाइल्समधून कार्डावर. मी मूव्ह न करता कॉपी केलं, कारण कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि फोन पाण्यात गेला तर निदान कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येईल. फोन हरवला तर कागद दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून स्क्रीन लॉक पाहिजेच. गूगलच्या फाइल्समध्ये पिनवालं सेफ फोल्डरही आहे, पण त्याचा पिन विसरला तर आतलं परत मिळत नाही, म्हणून बाबांच्या फोनमध्ये मी ते वापरलं नाही. वयस्कर माणसांसाठी साधं फोल्डर आणि चांगलं लॉक एवढं पुरतं असं माझं स्पष्ट मत आहे.

दांडिया बाजारातल्या आत्याकडे आयफोन आहे, तिला ही गोष्ट कळली तशी ती म्हणाली माझंही करून दे गं. त्यात अटॅचमेंट उघडून शेअरची खूण दाबायची, सेव्ह टू फाइल्स निवडायचं, आणि मग जागा विचारतो तिथे आयक्लाउड ड्राइव्ह न घेता ऑन माय आयफोन घ्यायचं. आयक्लाउडमधली फाइल जागा कमी असली की फोनमधून काढून वरच ठेवली जाऊ शकते, मग परत नेट लागणार. फोटो असेल तर सेव्ह इमेज केलं की फोटोंमध्ये जातो. आत्याचं सगळं एका दुपारी झालं, तिचे कागद तिने आधीच नीट लेबल लावून ठेवलेले.

आता राहिलाय बाबांचा नोकरीच्या काळातला स्वतःचा जुना जीमेल आयडी, त्यात पेन्शनचे कागद आणि आजोबांच्या सातबाऱ्याचे स्कॅन आहेत. तो आयडी त्यांनी कित्येक दिवसांत उघडलेला नाही, आणि गूगलने २०२३ मध्ये नियम केलाय की २ वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट ते सगळ्या मेलांसकट बंद करू शकतात. तुमच्याही घरात असा जुना आयडी असेल तर आधी त्यात लॉगिन करा, बाकीचं सावकाश. बाबांना पासवर्ड आठवत नाहीये पण रिकव्हरीला त्यांचाच आत्ताचा नंबर दिलेला आहे, त्यावर ओटीपी येतोय, रविवारी बसून उघडतो आम्ही.