एम४० प्रतिकृती : बॅरलचा कंटूर ठरला

एम४० म्हणजे अमेरिकन मरिनांची जुनी स्नायपर रायफल; तिची प्रतिकृती मी बनवतोय. दस्त्याचं लाकूड कधीचं कापून तयार आहे, पण पुढचं काम एकाच प्रश्नावर अडलं होतं: बॅरल किती जाड घ्यायची, म्हणजे तिचा कंटूर (बाहेरची जाडी आणि उतार) कुठला? ते ठरल्याशिवाय दस्त्यात खाच मारता येत नाही. खाच अरुंद राहिली तर पटाशीनं वाढवता येते. रुंद झाली की लाकूड परत भरून येत नाही.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: ही भिंतीवर लावायची, न चालणारी प्रतिकृती आहे. बॅरल म्हणजे भरीव रॉड, तोंडाशी उथळ खळगा आणि त्यात काळा रंग. अ‍ॅक्शनही (बॅरलमागचा, बोल्ट बसतो तो भाग) भरीव, बोल्ट हलत नाही. नकली बंदुकीचं परवान्याशिवाय खऱ्या शस्त्रात रूपांतर करायला शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ नं बंदी आहे, आणि मलाही त्या वाटेला जायचं नाही. तेव्हा चेंबर आणि भोकाबद्दल विचारू नका.

दुसरा नेहमीचा प्रश्न: मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात, बेळगावात राहून अमेरिकन मरिनांची रायफल कशाला? आपल्या फौजेची ड्रॅगुनोव्ह का नाही? ड्रॅगुनोव्ह मलाही आवडते, पण तिची ६२० मिमीची बॅरल सोपी आणि बाकी सगळं अवघड. गॅसची नळी, कोरलेला रिसीव्हर, मधून पोकळ दस्ता. एवढं घरी कोण करणार? एम४० ज्या रेमिंग्टन ७०० वर बेतलीय तिची अ‍ॅक्शन म्हणजे जवळजवळ गोल नळकांडं, सुमारे ३४.५ मिमी व्यासाचं. उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवर निघतं.

आता कंटूर. माझ्यापुढे दोनच पर्याय होते. एक, मरिनांनी १९६६ मध्ये घेतलेल्या मूळ एम४० चा, म्हणजे रेमिंग्टनचा 'व्हार्मिंट' नावाचा टेपर (उतार). दुसरा, अमेरिकन लष्कराच्या १९८८ च्या एम२४ चा जाड कंटूर. लांबी दोन्हींची २४ इंच, म्हणजे ६१० मिमी. अ‍ॅक्शनपाशी दोन्ही साधारण ३०.५ मिमी जाड. फरक पडतो तो तोंडाशी: एम२४ सुमारे २३ मिमी, व्हार्मिंट सुमारे २१ मिमी. बॅरल बनवणारे आपापली मापं छापतात, त्यात थोडं इकडंतिकडं असतं, पण फरकाचा अंदाज एवढाच.

दोनच मिलिमीटर! पण कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताबरोबर वाढतो. तेविसाला एकविसानं भागून चौथा घात काढा, १.४४ येतं. म्हणजे खऱ्या बॅरलमध्ये तोंडापाशी जवळजवळ दीडपट ताठपणा, शिवाय गोळीबाराची उष्णता शोषायला जास्त धातू. लष्करानं जाड बॅरल घेतली ती उगाच नव्हे. माझ्या भरीव रॉडला मात्र ना ताप, ना कंप. वजनाचं गणितही मांडून पाहिलं. माइल्ड स्टीलमध्ये व्हार्मिंट साधारण २.६५ किलो, एम२४ साधारण २.८ किलो. दीडशे ग्रॅमसाठी कोण भांडणार? अ‍ॅल्युमिनियममध्ये दोन्ही किलोच्या आत येतात, पण मग रायफल हातात खेळण्यासारखी लागते, म्हणून ते बाद.

तेव्हा निकाल नजरेवर, आणि रायफल कुठल्या वर्षाची यावर. फोटोत जाड बॅरल रुबाबदार दिसते, आपल्यातले बरेच जण त्यालाच भुलतात. पण माझा दस्ता लाकडी आहे, आणि लाकडी दस्ता पहिल्या एम४० चा. एम२४ ला एच-एस प्रिसिजनचा कृत्रिम दस्ता होता आणि अ‍ॅक्शनही लांब होती; एम४० ची आखूड. १९६६ च्या सडपातळ दस्त्यावर १९८८ ची बॅरल म्हणजे काठीला मुसळ बांधल्यासारखं. व्हार्मिंटच.

लाकडाचा मुद्दा इथं आणखी एका अर्थानं खरा आहे. मूळ दस्ते अक्रोडाचे होते. व्हिएतनामच्या दमट हवेत ते फुगले, वाकले आणि बॅरलला टेकू लागले. म्हणूनच मरिनांनी पुढं एम४०ए१ वर मॅकमिलनचा फायबरग्लास दस्ता घेतला. माझं सागवान खानापूरकडच्या एका पाडलेल्या घराच्या तुळईतलं, चांगलं मुरलेलं. तरी खानापूरचा पाऊस ज्यानं पाहिलाय तो लाकडावर आंधळा विश्वास ठेवणार नाही. बॅरल आणि खाच यांच्यात दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी फट ठेवणार आहे. मुळापेक्षा जरा जास्त दिसेल, चालेल.

टेपर काढायचा कसा, हे ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. लेथच्या कंपाउंड स्लाइडची (टूल तिरकं चालवणाऱ्या सरकपट्टीची) चाल एवढ्या लांबीला पुरत नाही, त्यामुळे रॉड दोन सेंटरांत (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांत) धरून टेलस्टॉक (लेथचा मागचा आधार) सरकवायचा. माझा रॉड स्पिगॉटसकट (अ‍ॅक्शनमध्ये बसणाऱ्या टोकासकट) ६४० मिमी. अ‍ॅक्शनपाशी ७५ मिमी सरळ, मग ५३५ मिमीत ३०.५ वरून २१ वर उतार. व्यासातला फरक ९.५, त्याला ६४० नं गुणायचं आणि ५३५ च्या दुपटीनं भागायचं. उत्तर ५.७ मिमी, तेवढा टेलस्टॉक बाजूला. एम२४ साठी हेच ४.५ आलं असतं. सरळ ७५ मिमी आधी काढून घ्या, टेलस्टॉक हलवल्यावर ते जमत नाही. लांब बारीक रॉड मधेच दबतो आणि चॅटर मारतो (थरथरून खुणा पाडतो), आणि टेपरवर फिरती स्टेडी (टूलबरोबर सरकणारा आधार) नीट बसत नाही. त्यामुळे शेवटी धारदार टूल आणि हलके कट, दुसरा इलाज नाही.

आमच्या टर्नरमामांना हे पटलेलं नाही. "अवो, अर्ध्या अंशाचा टेपर कुणाला दिसतोय? सरळ रॉड लावा की वो, एका तासात देतो." दिसतो मामा, पंधरा फुटांवरून दिसतो. सरळ रॉड लावला की रायफल पाण्याच्या पाइपासारखी वाटते. मामा हसले, पण रॉड सेंटर मारून ठेवलाय.

एक व्यवहाराची गोष्ट. तयार नग उघड्यानं स्कूटरवर नेऊ नका, सुटा असला तरी. कापडात गुंडाळा, कामाचे फोटो आणि रॉडची पावती जवळ ठेवा. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, आपल्याकडं काळा दिवस) आसपास आणि आचारसंहितेच्या दिवसांत तर घरातून हलवूच नका. त्या बंदोबस्तात नाक्यावरच्या पोलिसाला भरीव रॉड आणि पोकळ नळी यांतला फरक समजावत बसायची हौस कुणाला?

आता २४ मिमी ते ३३.५ मिमी अशा खाचेचा प्लायवूड साचा कापतोय. बॅरल लेथवरून उतरली की आधी ती साच्यात बसवून पाहणार, मगच सागवानाला पटाशी.