तुम्ही विचारलंत म्हणून : गार हात आणि ४५ ठोके

"डॉक्टर, हात बर्फासारखा लागतोय, मशीनवर पंचेचाळीस दाखवतंय. खरं काय ते सांगा." डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटला, कवटीतला दाब उतरावा म्हणून, थंड करून ठेवलं की आयसीयूत आलेला प्रत्येक नातेवाईक मला हेच विचारतो. आपल्याकडे माणूस गार पडला म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शरीर ३३ अंशांवर आणलं की त्याची गरजच घटते, दर अंशामागे साधारण ६ ते ८ टक्के. मग हृदयही सावकाश चालतं. कातडीकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार लागतो आणि बीपी बऱ्यापैकी टिकतं. शिकत असताना असे ठोके बघून मी घाबरून ॲट्रोपिन, म्हणजे ठोके वाढवणारं औषध, मागवलं होतं. थंड हृदय त्याला फारशी दाद देत नाही. बीपी आणि लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) ठीक असेल तर त्या ४५ला मी आता हात लावत नाही.

माझं लक्ष असतं लघवीच्या पिशवीवर. आकसलेल्या वाहिन्यांतलं रक्त आत, छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं ते सोडून देतात. पिशवी भरते, घरचे खूश होतात, आणि आत पाणी कमी पडत जातं. पोटॅशियमही उतरतं, बरंचसं पेशींत शिरून.

हे सगळं उघडं पडतं ते परत ऊब देताना. तासाला पाव अंश, त्याहून घाई नाही. घाई केली की वाहिन्या सैलावतात, बीपी कोसळतं, पेशींतलं पोटॅशियम रक्तात परततं, आणि नेमका तेव्हाच कवटीतला दाब चढतो. मेंदूला रक्त मिळतं ते या दोन दाबांच्या फरकावर. तो फरक ६०च्या खाली गेला की दोन दिवसांची मेहनत पाण्यात.

मग सगळ्यांनाच थंड का करत नाही? कारण २००१च्या अमेरिकेतल्या ३९२ पेशंटच्या चाचणीत फायदा दिसला नाही. २०१५च्या युरोथर्म चाचणीत तर थंड केलेल्यांचेच निकाल वाईट आले. २०१८च्या पोलर चाचणीतही फरक पडला नाही. त्यामुळे कवटीतला दाब बाकी कशालाच दाद देईना, तरच मी हा मार्ग धरते.

"हातमोजे घालू का त्याला?" एका मावशींनी भीतभीत विचारलं होतं. घाला म्हटलं. तळहात ऊबदार राहिले की थरथर कमी होते, आणि थरथरीत ऑक्सिजन फार जळतो.