तिघी कोण?

दिल्ली, रविवार रात्र

आज जयपूर हाउसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, अडीच तास काढले. त्यातला निम्मा वेळ एकाच चित्रापुढे. अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’. पुढची दालनं नुसती उरकली.

हे चित्र छापील प्रतींतून लहानपणापासून ओळखीचं. भिंतभर असेल असं वाटायचं, ते मीटरभरही रुंद नाही. तिघी चिकटून बसलेल्या, पण एकमेकींकडे बघत नाहीत. माना जराशा झुकलेल्या. आमच्या मावशीचा लग्नासाठी काढलेला फोटो हुबेहूब असाच आहे. म्हणून मीही परस्पर ठरवून टाकलं होतं, की या कुठल्या तरी खेड्यातल्या गरीब पोरी, ‘बघायला’ येणाऱ्यांची वाट बघत बसलेल्या.

आणि त्या निघाल्या अमृताच्या नात्यातल्या, माजिठियांच्या घरच्या! पंजाबातलं बडं सरदार घराणं. १९३५ साली, पॅरिसहून परतून जेमतेम वर्ष झालेलं असताना, तिनं घरातल्याच मुलींना समोर बसवलं. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते याच चित्राला.

‘यंग गर्ल्स’ही याच संग्रहातलं, १९३२चं, पॅरिसमधलं. त्यातली एक तिची धाकटी बहीण इंदिरा, दुसरी मैत्रीण डेनीज. म्हणजे तिथेही घरचीच माणसं. पण ते चित्र बघताना ‘बिचाऱ्या’ हा शब्द माझ्या मनात कधी आला नव्हता. मग इथेच का आला? सलवार-कमीज आणि खाली गेलेली नजर, एवढ्यावर? थोडी लाजच वाटली. अर्थात ती उदासी अमृतानंच रंगवलीय, माझ्या पदरची नाही. पण ती त्या मुलींची होती की चित्रकर्तीची, हे त्या तिघींना कुणी विचारलं असेल का? चित्राच्या नावात तर त्या नुसत्या ‘तीन मुली’.

अमृता अठ्ठाविसाव्या वर्षी गेली, १९४१ मध्ये, लाहोरला. तिची आत्मचित्रं बघायला आज डोळ्यांत ताकदच उरली नव्हती. पुन्हा यायला हवं. सोमवारी बंद असतं, म्हणजे मंगळवारी.

रात्री मावशीला फोन केला. म्हटलं, त्या फोटोत तू इतकी उदास का गं दिसतेस?

“उदास कुठली! शिंक आली होती. फोटोवाला म्हणाला, हलू नका.”