डिफेनेस्ट्रेट आणि आपला कडेलोट

रविवारी भाच्याने टीव्हीचा रिमोट खिडकीतून खाली टाकला. तिसऱ्या मजल्यावरून, ग्रिलच्या गजांमधून नेम धरून बरं का. ताई ओरडत जिन्याने पळाली आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं याने रिमोट डिफेनेस्ट्रेट केला!" आई म्हणाली, "तुझं इंग्रजी राहू दे, खाली जाऊन सेल शोध."

सेल एकच सापडला. शब्द सांगायचा राहिला तो राहिलाच, म्हणून इथे लिहितेय.

डिफेनेस्ट्रेट म्हणजे कुणाला किंवा कशाला तरी खिडकीतून बाहेर फेकणं, बस. लॅटिनमध्ये फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी, जर्मन फेन्स्टरही तिथलंच. आता एवढ्याशा कामाला वेगळं क्रियापद कशाला हवं? तर प्रागमुळे. २३ मे १६१८ ला तिथल्या किल्ल्यात चिडलेले प्रोटेस्टंट सरदार घुसले आणि राजाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना, स्लावाता आणि मार्टिनिट्झला, उचलून दिलं खिडकीबाहेर, आणि त्यांच्यामागोमाग बिचारा सेक्रेटरी फाब्रिसियसही. वीसेक मीटर पडून तिघंही जिवंत! कॅथलिक म्हणाले मेरीमातेने झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले उकिरड्याने. सेक्रेटरीला पुढे सरदारकी मिळाली आणि नावाला काय जोडलं तर फॉन होहेनफाल, म्हणजे साधारण 'उंचावरून पडलेले' :) इकडे युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं ते वेगळंच.

इंग्रजीत आधी या प्रकाराचं नाम आलं, क्रियापद मागाहून त्यातून पाडलं. आता बोर्डाने सीईओला डिफेनेस्ट्रेट केलं असं वाचलंत तर खिडकी शोधू नका, तडकाफडकी हाकललं एवढंच. शब्दात जरा खवचटपणा आहे, त्यामुळे खरंच कुणी पडून गेलं असेल तिथे चुकूनही वापरू नका, फार वाईट दिसतं.

मराठीत खिडकीसाठी असा शब्द मला तरी सुचत नाही, पण आपल्याकडे कडा आहे ना. कडेलोट! रायगडावर टकमक टोकाशी ज्याचे पाय लटपटलेत त्याला अर्थ सांगायला नको. पण फरक बघा, इंग्रजीत निदान अजून माणूसच फेकला जातो, आपल्याकडे माणूस सुटला आणि कडेलोट होतो तो संयमाचा नाहीतर सहनशीलतेचा.

ताई रिमोट घेऊन वर आली तेव्हा तिचा झालाच होता. मागचं झाकण अजून मिळालेलं नाही, सध्या रबरबँडवर चाललंय.