सगळंच मिगचं नसतं

नाशकात रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा भंगारात दिसला की तो मिग या लढाऊ विमानाचा, हे आम्ही धरूनच चालतो. त्याला कारणही आहे. ओझरचा मिग बनवणारा कारखाना १९६४ साली उभा राहिला, आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्यांचे संसार त्यावर चालले, आणि अजूनही "मुलगा मिगमध्ये लागला" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा आमच्या गल्लीत माणसं टीव्हीसमोर डोळे पुसत होती. मीही.

त्यानंतर महिनाभराने अंबडच्या ओळखीच्या भंगारवाल्याचा फोन आला. सातपूरला माझं गेज-फिक्स्चरचं, म्हणजे सुटे भाग मोजायच्या आणि धरून ठेवायच्या साधनांचं, छोटं वर्कशॉप आहे. जुन्या यंत्रांचा मला नाद आहे, हे त्याला माहीत.

"मामा, मिगचा माल आलाय. तीन नग. गाळायला जायच्या आत बघून घ्या."

हातभर लांबीचा एक पत्रा आणि दोन गोल डायल. जुन्या लिलावाच्या लॉटमधून फिरत फिरत त्याच्याकडे आले होते. किलोच्या भावापेक्षा बरेच जास्त पैसे मोजले आणि पक्कं बिल मागून घेतलं. असा माल बिलाशिवाय घरात आणू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. आणि सीटखालची नळकांडी किंवा काडतुसासारखं काही दिसलं तर हातही न लावता पोलिसांना कळवायचं. लढाऊ विमानाच्या खुर्चीत स्फोटक काडतुसं असतात.

घरी आल्या आल्या मी तारेचा ब्रश घेतला. तेवढ्यात शेजारचे काका आले. त्यांची सगळी नोकरी ओझरला शीटमेटलमध्ये गेली. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढूनच घेतला.

"अरे, नंबर पुसून टाकशील! आणि तो पिवळट हिरवा प्रायमर क्रोमेटचा आहे. घासून त्याची धूळ नाकात घेऊ नकोस."

मग साबणाचं कोमट पाणी, दाढीचा जुना ब्रश आणि सुती फडकं एवढ्यावरच काम केलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला कडेजवळ काहीतरी ठोकल्यासारखं वाटत होतं, पण सरळ उजेडात दिसत नव्हतं. खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली. खळग्यांच्या सावल्या पडल्या. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवली, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तशी. कागदावर हळूहळू दोन सात उमटले, पुढे एक रेघ, मग चार आकडे. त्यापुढे पत्रा फाटलेला.

काकांनी कागद खिडकीपाशी नेला. "सत्त्याहत्तर," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

मिग-२१ एफएल म्हणजे टाइप-७७, ओझरला बनलेलं पहिलं मिग. रशियन पद्धतीत सुट्या भागाचा नंबर त्या विमानाच्या नंबरने सुरू होतो. मिग-२१ एमचं टाइप-९६ आणि मिग-२१ बिसचं टाइप-७५ ही नावं काकांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी. पण पत्रा एफएलचाच, असं लिहून ठेवायला त्यांनी मला मनाई केली. जो भाग न बदलता पुढच्या मॉडेलमध्ये गेला, त्याचा नंबर जुनाच राहायचा. म्हणून माझ्या वहीत नोंद आहे ती अशी: मिग-२१, एफएल किंवा त्यानंतरचं. मला आवडली असती त्यापेक्षा ही नोंद कमी आहे, पण खरी आहे.

पहिला डायल घड्याळाचा. काळी तबकडी, तिच्यात वर-खाली दोन छोट्या तबकड्या, डाव्या हाताला लाल खुंटी. वरची उड्डाणाचा वेळ मोजते, खालची स्टॉपवॉच. मागे तीन अक्षरं आणि एक आकडा. पहिलं इंग्रजी 'ए' अक्षरासारखं, दुसरं इंग्रजी चारच्या आकड्यासारखं, तिसरं सीसारखं. रशियन लिपीत तो चार म्हणजे 'च' आणि तो सी म्हणजे 'स'. एसीएच-एस-१, चेल्याबिन्स्कच्या मोल्निया कारखान्याचं विमानातलं घड्याळ. घड्याळाला चिकटून आलेल्या पट्टीच्या कडेला मोरपंखी हिरव्या-निळ्या रंगाचा पोपडा होता. सोव्हिएत कॉकपिटचा तोच रंग. मला वाटलं, झालं काम. पण हेच घड्याळ सोव्हिएत बनावटीच्या इतर विमानांत आणि हेलिकॉप्टरांतही बसवलेलं असायचं. घड्याळावरून देश कळतो, विमान कळत नाही.

खरा गोंधळ दुसऱ्या डायलने घातला. वेग दाखवणारा, पण आकडे मैलांत. मिगचा वेगमापक किलोमीटर दाखवतो. त्याच्या पट्टीला एक स्क्रू अडकून राहिला होता, तो माझ्या धंद्यातला पुरावा. व्हर्नियरने व्यास ३.६ मिलिमीटर भरला. दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायच्या गेजचं ०.६ चं पान लावलं तर बसेना, ०.७ चं लावलं तरी फट दिसे. दहा आट्यांचं अंतर मोजलं तर ६.६ मिलिमीटर. म्हणजे पिच ०.६६. मेट्रिकमध्ये असा स्क्रू नाही. हा ४ बीए, ब्रिटिश उपकरणांचा आटा. जुन्या ब्रिटिश मीटरची दुरुस्ती केलेल्या कुणालाही तो सांगावा लागणार नाही.

मग भिंगाखाली पाठ बघितली. छोटा मुकुट, त्याच्या दोन बाजूंना ए आणि एम, म्हणजे एअर मिनिस्ट्री, ब्रिटिश सरकारचं हवाई खातं. खाली ६ए, तिरपी रेघ, पुढे नंबर. ६ए हा ब्रिटिश हवाई दलाच्या भांडारातला उपकरणांचा विभाग. मुकुटाच्या कमानी गोल, वर फुगलेल्या होत्या. राणी एलिझाबेथच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या असतात. १९५२ मध्ये राणी गादीवर आली, म्हणजे माझा डायल बहुतेक त्याआधीचा. आपल्या हवाई दलाने महायुद्धात हरिकेन ही ब्रिटिश लढाऊ विमानं उडवली, नंतर स्पिटफायर. त्यांतल्या कशात हा होता, ते भांडाराच्या नंबरावरून ठरत नाही. एकच उपकरण अनेक विमानांत बसे. स्पिटफायरचाच भाग असता तर ३०० ने सुरू होणारा नंबर किंवा कॅसल ब्रॉमविच कारखान्याचा 'सीबीएएफ' शिक्का मिळायची आशा असते, पण ती पत्र्यांवर आणि सांगाड्यावर. मीटरवर नाही.

त्याचे आकडे तपकिरी पडले होते, अंधारात चमकत नव्हते. मी निर्धास्त होतो. काका मात्र निर्धास्त नव्हते. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर आहे, तिथे दोन्ही डायल नेले. घड्याळाजवळ काउंटर खोलीत टिकटिकत होता तसाच. ब्रिटिश डायलजवळ नेला आणि टिकटिक एकमेकींत मिसळून सलग करकर झाली. तो आवाज अजून कानात आहे. किरणोत्सर्गी रेडियमचा रंग. त्यातलं चमकणारं रसायन काही वर्षांत मरतं, पण रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, काच शाबूत आहे तोवर धोका कमी, पण उघडून ती पूड श्वासात गेली तर फार वाईट. पहिल्याच दिवशी मी ती काच काढणार होतो.

डायल बंद पिशवीत, पत्र्याच्या डब्यात, कॉलेजच्या ताब्यात ठेवला आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला पत्र लिहिलं. तिथून थेट अंबडला गेलो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० चं यंत्र फोडलं गेलं आणि एक कामगार दगावला, ते भंगारवाल्याला समजावून सांगितलं. त्याच्याकडची पोरं उघड्या हातांनी, जेवणाच्या डब्याशेजारी माल फोडतात. तो गप्प ऐकत होता. शेवटी त्याने पोराला वही आणायला सांगितली आणि माझ्याकडून मुकुटाचं चित्र काढून घेतलं.

परवा सकाळी त्याचा फोन आला.

"मामा, एक गोल मीटर आलाय. पोरांना हात लावू दिला नाही."

"मुकुट आहे?"

"आहे. कमान गोल आहे, वहीतल्यासारखी."

"काच?"

"फुटलेली."

मी त्याला सगळ्यांना बाहेर काढून शटर ओढायला सांगितलं आणि मॅडमना फोन लावत गाडी काढली.